मॅक्रोचा पासवर्ड नेमके काय राखतो?

हिशेब चालणाऱ्या प्रत्येक कार्यालयात एक फाइल अशी असते, जी उघडल्याशिवाय महिना संपत नाही. पगारपत्रक म्हणा, साखर कारखान्याच्या ऊसबिलांचा तक्ता म्हणा, नाहीतर पतसंस्थेच्या ठेवींवरची व्याज आकारणी म्हणा. ती कोणीतरी एकट्यानेच बनवलेली असते, बहुतेक वेळा कार्यालय सुटल्यावर थांबून. तिच्यात एक बटण असते आणि ते दाबले की दोन माणसांचे दिवसभराचे काम चहा येईपर्यंत उरकते. बटणामागे व्हीबीए भाषेतल्या शे-दोनशे ओळी असतात. त्यालाच आपण मॅक्रो म्हणतो. पुढे कधीतरी एखादा उत्साही सहकारी त्या ओळींत शिरतो, व्याजाचा दर तिथल्या तिथे ‘जरासा दुरुस्त’ करतो, आणि तिमाही संपल्यावर खातेदार पासबुक घेऊन काउंटरपाशी उभे राहतात. मग साहेब म्हणतात, ‘त्या मॅक्रोला पासवर्ड टाका.’

साहेबांचे म्हणणे रास्त आहे आणि एक्सेलमध्ये तशी सोयही आहे. पण पासवर्ड टाकल्यावर लोक जे गृहीत धरतात, ते मात्र खरे नसते. आता हा कोड कोणालाच वाचता येणार नाही, त्यात लिहिलेली गुपिते सुरक्षित झाली, सूत्रे चोरीला जाणार नाहीत, अशी त्यांची समजूत होते. मॅक्रोचा पासवर्ड चुकून लागणारा हात अडवतो. ठरवून आलेला हात त्याने अडत नाही. दाराला बाहेरून घातलेली कडी जेवढे काम करते तेवढेच हा पासवर्ड करतो, आणि कडी निरुपयोगी असते असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न फक्त कडीच्या भरवशावर आत काय ठेवायचे, हा आहे.

आधी ती घालायची कशी ते पाहू. फाइल उघडून ऑल्ट आणि एफ-११ या कळा एकत्र दाबल्या की व्हिज्युअल बेसिक एडिटर उघडतो. डाव्या बाजूला आपल्या फाइलच्या नावाचा व्हीबीए प्रोजेक्ट दिसतो. त्यावर उजवी क्लिक करून ‘व्हीबीएप्रोजेक्ट प्रॉपर्टीज’ घ्यायचे आणि ‘प्रोटेक्शन’ या टॅबवर जायचे. तिथे ‘लॉक प्रोजेक्ट फॉर व्ह्यूइंग’ या चौकोनात टिक करून खाली पासवर्ड दोनदा लिहायचा. ओके म्हटल्यावर लगेच काहीच घडत नाही आणि इथे पुष्कळजण गोंधळतात. फाइल सेव्ह करून, बंद करून, पुन्हा उघडल्यावरच पासवर्ड लागू होतो. दुसरी चूक टिक विसरण्याची. पासवर्ड लिहिला पण टिक केली नाही, तर कोड सर्वांना पूर्वीसारखाच उघडा दिसत राहतो. पासवर्ड विचारला जातो तो फक्त प्रॉपर्टीजची ती छोटी खिडकी पुन्हा उघडताना. म्हणजे घर उघडे आणि बंदोबस्त फक्त किल्ल्यांच्या खणाला. फाइल एक्सएलएसएम, एक्सएलएसबी किंवा जुन्या एक्सएलएस प्रकारात ठेवावी लागते हेही लक्षात असू द्या. एक्सएलएसएक्स प्रकारात ती सेव्ह केली तर मॅक्रो जागेवरच गळून पडतात, मग राखायला काही उरतच नाही.

पासवर्ड लागल्यावर वागणुकीत एक फरक पडतो, तो आधी माहीत असलेला बरा. मॅक्रो चालताना काही चुकले तर एरवी एक्सेल ‘डीबग’ नावाचे बटण देते आणि नेमकी अडलेली ओळ पिवळी करून दाखवते. प्रोजेक्ट बंद असेल तर ते बटण फिके पडते आणि ‘एंड’ एवढेच उरते. बिचारा कारकून महिनाअखेरीला तुम्हाला फोन करून सांगतो, ‘एरर आला होता, मी एंड केले.’ कुठला एरर, कुठल्या ओळीवर, काही पत्ता नाही. म्हणून कोड बंद करण्याआधी त्यात चुका पकडणाऱ्या ओळी घालणे आणि चूक झाल्यास तिचा क्रमांक व प्रक्रियेचे नाव एखाद्या शीटवर नोंदवणे गरजेचे आहे. दुसऱ्या मॅक्रोने या प्रोजेक्टमध्ये शिरून बदल करायचा प्रयत्न केला तर एक्सेल ५०२८९ क्रमांकाची त्रुटी दाखवून नकार देते. हा नकार मात्र कामाचा आहे.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक जोडसूचना. व्हीबीएचा एडिटर युनिकोडच्या आधीच्या काळातला आहे आणि तो तसाच राहिला आहे. त्यात देवनागरी मजकूर चिकटवला तर प्रश्नचिन्हांची रांग उमटते. त्यामुळे पासवर्ड मराठीत ठेवण्याच्या फंदात पडू नये. ‘रक्कम भरा’ असा संदेश दाखवायचा असेल तर तो एखाद्या शीटच्या घरात लिहून तिथून उचलावा, किंवा चर-डब्ल्यू या फंक्शनला एकेका अक्षराचा क्रमांक देऊन जुळवावा. ‘म’चा क्रमांक २३५० आहे. एका वाक्यासाठी एवढा खटाटोप करण्यापेक्षा शीटचा मार्ग सोपा.

आता आत काय घडते ते पाहू. यातच या विषयाची खरी गंमत आहे.

२००७ सालच्या एक्सेलपासून नव्या प्रकारच्या फायली म्हणजे खरे तर झिप असतात. एखाद्या एक्सएलएसएम फाइलच्या प्रतीचे नाव बदलून शेवटी झिप लिहा आणि उघडा, आत फोल्डर दिसतील. त्यांतल्या ‘एक्सएल’ फोल्डरमध्ये ‘व्हीबीएप्रोजेक्ट.बिन’ नावाची एक फाइल असते. सगळा कोड तिच्यात. ही एकच फाइल मात्र जुन्या धाटणीची आहे. बाकीचे सगळे घर नव्याने बांधले, पण मॅक्रोंची खोली ९७ सालच्या एक्सेलमध्ये होती तशीच उचलून आणली. या खोलीचा संपूर्ण नकाशा मायक्रोसॉफ्टने स्वतःच ‘एमएस-ओव्हीबीए’ नावाच्या दस्तऐवजात जाहीर केलेला आहे, त्यामुळे इथे काहीच गूढ नाही.

त्या खोलीत ‘प्रोजेक्ट’ नावाचा एक साध्या मजकुराचा कागद असतो. त्यावर मॉड्यूलांची नावे असतात आणि तळाशी सीएमजी, डीपीबी आणि जीसी अशा तीन ओळी. पासवर्डची खूण डीपीबी या ओळीत असते. पासवर्ड तसाच्या तसा तिथे लिहिलेला नसतो. त्यात चार बाइटांची यादृच्छिक भर घालून एसएचए-१ या पद्धतीने त्याचे २० बाइटांचे सार काढले जाते आणि तेही थोडे फिरवून लिहिले जाते. सारावरून मूळ पासवर्ड काढणे अवघड असते. इथवर सगळे ठीक.

पण कोड कुठे आहे? तो शेजारीच आहे, आणि त्याचा पासवर्डशी काडीमात्र संबंध नाही. प्रत्येक मॉड्यूलचा मजकूर फक्त आकुंचित करून ठेवलेला असतो. आकुंचन म्हणजे जागा वाचवणे. पुन्हापुन्हा येणारे शब्द एकदा लिहायचे आणि पुढे ‘मागे इतकी अक्षरे जा आणि इतकी उचल’ अशी खूण करायची. हे काम ४०९६ बाइटांच्या तुकड्यांत होते आणि दर आठ घटकांमागे खुणेचा एक बाइट येतो. म्हणून जुनी एक्सएलएस फाइल नोटपॅडसारख्या साधनात उघडून पाहिली तर मॉड्यूलच्या सुरुवातीचा ‘अॅट्रिब्यूट’ हा नऊ अक्षरी इंग्रजी शब्द आठव्या अक्षरापाशी मोडलेला दिसतो. आठ अक्षरे, मध्ये एक कचरा वाटणारे चिन्ह, मग नववे अक्षर. विषाणू शोधणारी मंडळी या मोडलेल्या शब्दावरून फाइलमध्ये मॅक्रो आहे हे ओळखतात.

एन्क्रिप्शन वेगळे. त्यात मजकूर किल्लीशिवाय वाचताच येणार नाही असा बदलून टाकतात, आणि किल्ली पासवर्डातूनच तयार होते. मॅक्रोच्या बाबतीत असे काही होत नाही. एडिटर उघडताना एक्सेल डीपीबीची ओळ वाचते, तुम्ही लिहिलेल्या पासवर्डाचे सार तिच्याशी ताडून पाहते, आणि जुळले नाही तर खिडकी दाखवायला नकार देते. नकार देणारे एक्सेल आहे, मजकूर स्वतः काही नकार देत नाही. जे साधन एक्सेलला विचारतच नाही, त्याला अडवणारे कोणी नाही. फिलिप लगादेक यांनी बनवलेल्या ओलेटूल्स या मोफत संचातले ओलेव्हीबीए हे साधन पासवर्ड न विचारता सगळा कोड समोर मांडते. तुमच्या संगणकावरचा अँटिव्हायरसही रोज हेच करतो. त्याला पासवर्डामुळे अडून बसावे लागले असते, तर मॅक्रो विषाणू लिहिणाऱ्यांचे फावले असते. आणि डीपीबीची ती ओळच बिघडवली, तर एक्सेलकडे ताडून पाहायला काही उरत नाही. बाजारात ‘पासवर्ड रिमूव्हर’ म्हणून जी साधने विकली जातात, त्यांतली पुष्कळशी एवढेच करतात आणि त्याचे पैसे घेतात.

काहीजण एक पाऊल पुढे जातात. मूळ मजकूरच पुसून टाकायचा आणि फक्त पी-कोड ठेवायचा. व्हीबीए प्रत्येक मॉड्यूलची चालवायला सोपी अशी एक मधली आवृत्ती जवळ बाळगते, तिला पी-कोड म्हणतात. तीच आवृत्ती त्याच जातीच्या एक्सेलमध्ये चालते, त्यामुळे मजकूर पुसला तरी बटण काम करते. पण मूळचे बल्गेरियाचे विषाणू संशोधक व्हेसेलिन बोंचेव्ह यांनी पी-कोड वाचणारे साधन लिहिले आणि तीही पळवाट बुजली. शिवाय दुसऱ्या आवृत्तीच्या ऑफिसमध्ये फाइल नेली की पी-कोड निरुपयोगी ठरतो, मूळ मजकूर हवा असतो आणि तो तर आपणच पुसलेला असतो. ही युक्ती विषाणूवाल्यांनी जास्त वापरली, आणि प्रामाणिक कार्यालयाने तिच्या वाटेला न जाणेच बरे.

एवढी मोठी कंपनी इतका तकलादू बंदोबस्त का करते, असा प्रश्न कोणालाही पडेल. उत्तर कंपनीच्या हलगर्जीपणात शोधू नये. तुम्हाला हवे आहे ते असे: कारकुनाने फाइल उघडावी, कोणताही पासवर्ड न देता बटण दाबावे, आणि मॅक्रो चालावा. पण मॅक्रो चालवायचा म्हणजे कारकुनाच्याच संगणकाने तो ओळीओळीने वाचायचा. जे त्या यंत्राला वाचता येते ते त्या यंत्राच्या मालकाला वाचता येते. किल्ली न देता दार उघडायचे असेल, तर किल्ली दारापाशीच कुठेतरी असणार. लपवण्याच्या जागा कितीही बदलल्या तरी हे गणित बदलत नाही.

याची दोन उदाहरणे मॅक्रोच्या बाहेरची, पण अगदी याच जातीची. डीव्हीडीवरचे चित्रपट एन्क्रिप्ट केलेले असत, आणि ते दाखवायचे तर प्रत्येक प्लेअरमध्ये किल्ली असावीच लागे. १९९९ साली एका सॉफ्टवेअर प्लेअरमधली किल्ली नीट न लपवलेली सापडली. नॉर्वेतल्या योन लेख योहान्सन या किशोरवयीन मुलाने आणि त्याच्या साथीदारांनी डीसीएसएस नावाचा छोटा प्रोग्रॅम जगापुढे ठेवला, आणि चित्रपट उद्योगाने उभारलेली सारी व्यवस्था उघडी पडली. दुसरे उदाहरण एक्सेलच्याच घरातले. जुन्या एक्सेलमध्ये वर्कबुकची रचना पासवर्डाने संरक्षित केली की फाइल एन्क्रिप्ट होई, पण उघडणाऱ्याला मात्र काही विचारायचे नसे. मग किल्ली कोणती? एक्सेलच्या पोटातच एक ठरलेला पासवर्ड कोरलेला आहे, ‘व्हेल्व्हेटस्वेटशॉप’. पगार मोठा आणि कामाचा पिट्टा त्याहून मोठा, म्हणून मायक्रोसॉफ्टलाच एके काळी मिळालेले हे टोपणनाव कोणा प्रोग्रॅमरने खोडीने तिथे वापरले असावे. पुढे विषाणू लिहिणाऱ्यांनी याच पासवर्डाने फायली एन्क्रिप्ट करून पाठवायला सुरुवात केली. एक्सेल त्या आपणहून उघडी आणि वरवर तपासणारी साधने फसत.

एक्सेलमध्ये पासवर्ड टाकायच्या जागा अनेक आहेत आणि प्रत्येकीची ताकद वेगळी आहे. लोक त्या सगळ्या एकाच मापाने मोजतात, म्हणून थोडे थांबून पाहू.

शीटला टाकलेला पासवर्ड सर्वांत कच्चा होता. एक्सेल २०१० पर्यंत त्याचे सार इतके लहान असे की त्याच्या जेमतेम ३२,७६८ वेगळ्या किमती होत. पासवर्ड कितीही लांबलचक ठेवला तरी त्याच्याऐवजी चालणारे दुसरे शेकडो शब्द असणारच. एका प्रसिद्ध छोट्या मॅक्रोने तर फक्त ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरे अकरा जागी आलटून पालटून आणि शेवटी एक कोणतेही चिन्ह लावून शीट उघडून दाखवली. एकूण १,९४,५६० जोडण्या, आणि साध्या संगणकावर काही मिनिटांचा खेळ. एक्सेल २०१३ पासून तिथे एसएचए-५१२ आले आणि सार एक लाख वेळा फिरवले जाऊ लागले. त्यामुळे पासवर्ड ओळखणे अवघड झाले. पण शीटमधला मजकूर झिपच्या आत उघडाच राहिला, तेव्हा मूळ दुखणे तेच.

फाइल उघडण्याचा पासवर्ड हा मात्र जातीचा वेगळा आहे. ‘फाइल’, ‘इन्फो’, ‘प्रोटेक्ट वर्कबुक’, ‘एन्क्रिप्ट विथ पासवर्ड’ या वाटेने तो टाकतात. इथे खरोखर एन्क्रिप्शन होते. एक्सेल ९७ ते २००३ मध्ये ते मूळ सेटिंगनुसार ४० बिटांचे आणि आजच्या हिशेबाने पोकळ होते. २००७ पासून एईएस आले, किल्ली बनवण्यासाठी ५०,००० फेऱ्या, आणि २०१० पासून एक लाख फेऱ्या. अशा फाइलमध्ये शीटबरोबर व्हीबीएप्रोजेक्ट.बिनही एन्क्रिप्ट होते. पासवर्ड लांब आणि अनोळखी असेल तर तो विसरल्यावर मायक्रोसॉफ्टही ती फाइल उघडून देऊ शकत नाही. मोबाइलचा क्रमांक किंवा संस्थेचे नाव आणि पुढे चालू वर्ष असा पासवर्ड ठेवला, तर मात्र एक लाख फेऱ्यांचाही काही उपयोग नाही. अंदाज लावणारा आधी तेच करून पाहतो.

याचीही मर्यादा उघड आहे. ज्याला तुम्ही उघडण्याचा पासवर्ड दिलात त्याच्यासाठी फाइल पूर्ण उघडली. ईमेलने चुकीच्या माणसाकडे गेलेली, पेनड्राइव्हबरोबर हरवलेली, लॅपटॉपबरोबर चोरीला गेलेली फाइल यामुळे सुरक्षित राहते. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यापासून राहत नाही.

मग मॅक्रोच्या पासवर्डावर काय सोपवावे? चुकून बदल होऊ नये, नवशिक्याने ओळी खोडू नयेत, कोडमध्ये सहज डोकावणे थांबावे, एवढे निश्चिंतपणे सोपवावे. ‘व्हेरी हिडन’ केलेल्या शीट राखायलाही तो बरा, कारण त्या एक्सेलच्या नेहमीच्या ‘अनहाइड’ यादीत दिसत नाहीत आणि एडिटरमधूनच उघड करता येतात. त्यावर सोपवू नये अशी गोष्ट म्हणजे गुपित. आणि नेमकी हीच गोष्ट सर्वांत जास्त सोपवली जाते. मॅक्रो डेटाबेसशी जोडायचा असतो, म्हणून त्यात सर्व्हरचे नाव, वापरकर्ता आणि पासवर्ड एका ओळीत लिहिलेले असतात. शीट उघडून त्यात आकडे भरायचे असतात, म्हणून शीटचा पासवर्ड कोडमध्ये अवतरणचिन्हांत असतो. ईमेल पाठवायचा असतो, म्हणून साहेबांच्या खात्याचा पासवर्डही तिथेच. अशा फाइलच्या प्रती किती संगणकांवर, किती ईमेलांत पसरल्या आहेत याचा हिशेब कोणाकडेच नसतो. माझा सल्ला कठोर आहे: आपल्या मॅक्रोंत असा एकही पासवर्ड असेल तर आधी तो डेटाबेसमध्ये किंवा ईमेल खात्यात बदलून टाका, मग कोडमधून पुसा. उलट्या क्रमाने केले तर जुन्या प्रतींतला पासवर्ड चालूच राहतो. डेटाबेसला विंडोजच्या लॉगिनवरून ओळख पटवता येते, तर ती सोय वापरा. ते शक्य नसेल तर पासवर्ड दर वेळी माणसाला विचारा. कंटाळवाणे आहे, पण खरे आहे.

आणि तुमचे गणितच मौल्यवान असेल तर? एखाद्या सल्लागाराने वर्षानुवर्षे घासूनपुसून तयार केलेली किंमत ठरवण्याची पद्धत, किंवा ग्राहकांना विकायचा तक्ता? तो कोड ग्राहकाच्या संगणकावर पाठवूच नये. गणित आपल्या सर्व्हरवर ठेवावे, एक्सेलने फक्त आकडे पाठवून उत्तर मागावे. सी किंवा सी-प्लस-प्लसमध्ये लिहिलेले एक्सएलएल अॅड-इन वाचायला फार जड जाते, तोही मार्ग आहे. डॉटनेटमध्ये लिहिले की सुरक्षित झाले, अशी एक समजूत आढळते. तो कोड परत वाचण्याजोगा करणारी साधने मोफत मिळतात, तेव्हा त्या समजुतीला फार अर्थ नाही.

कोणी बदल केला तर कळावे, एवढीच काळजी असेल तर पासवर्डापेक्षा डिजिटल सही उपयोगी. व्हीबीए प्रोजेक्टवर प्रमाणपत्राने सही केली आणि नंतर कोणी एक अक्षर जरी बदलले, तर सही टिकत नाही, आणि ज्याच्याकडे खासगी किल्ली नाही त्याला ती पुन्हा करता येत नाही. फक्त सही केलेलेच मॅक्रो चालू द्यावेत, असे ट्रस्ट सेंटरमध्ये ठरवता येते. सरावासाठी ऑफिसबरोबर येणारे सेल्फसर्ट हे साधन पुरते. मॅक्रो संशयाच्या नजरेने पाहण्याचे दिवस आहेत, त्यामुळे ही सवय अंगी लावून घ्यावीच. १९९६ सालचा लारू हा एक्सेलमधला पहिला मॅक्रो विषाणू, १९९९ सालचा मेलिसा हा जगभरचे ईमेल सर्व्हर बंद पाडणारा वर्डमधला. तेव्हापासून हा धागा तुटलेला नाही. शेवटी २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फायलींतले मॅक्रो मुळातच रोखायला सुरुवात केली. आयकर विभागाच्या विवरणपत्रांच्या एक्सेल फायली ज्यांनी उतरवून घेतल्या असतील, त्यांना फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘अनब्लॉक’ची टिक करावी लागणे परिचयाचे असेल. ती टिक करण्याआधी फाइल कोणत्या संकेतस्थळावरून आली, हे पाहणे एवढेच आपल्या हातात असते.

बंद करण्याची एक किंमतही असते, तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. २०१० साली कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी सरकारी कर्ज आणि विकास यांच्यावर एक निबंध लिहिला. सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांवर कर्ज गेलेल्या देशांचा सरासरी विकासदर उणे ०.१ टक्के येतो, असे त्यात म्हटले होते, आणि युरोपातल्या काटकसरीच्या धोरणांचे समर्थन करताना त्याचा आधार घेतला गेला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याला ते आकडे जुळेनात. त्याने मूळ एक्सेल फाइल मागितली, लेखकांनी ती दिली. सरासरीच्या सूत्रात वीसपैकी पंधराच देश धरले होते, ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क सुटले होते. ही चूक आणि इतर काही निवडी दुरुस्त केल्यावर उत्तर अधिक २.२ टक्के आले. हर्न्डन आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी हे २०१३ च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध केले. ती चूक साध्या सूत्रातली होती, मॅक्रोतली नव्हती. तरी फाइल उघडी मिळाली म्हणून ती सापडली. आपल्या व्याज आकारणीच्या बंद मॅक्रोत अशी चूक असेल तर ती दाखवून देणारा विद्यार्थी तिथे पोहोचणार नाही. म्हणून बंद करायच्या आधी निदान एका दुसऱ्या माणसाने तो कोड वाचलेला असावा, आणि लेखापरीक्षकाने मागितला तर तो मिळावा.

कायद्याचे थोडे. पासवर्ड तांत्रिकदृष्ट्या कच्चा असला म्हणून तो फोडण्याची मुभा मिळत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चे कलम ४३ परवानगीशिवाय संगणकात किंवा त्यातल्या माहितीत शिरण्याबद्दल आहे, आणि तेच काम अप्रामाणिक हेतूने केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. स्वतःच्या फाइलचा पासवर्ड विसरलेल्याने ती उघडणे वेगळे आणि दुसऱ्याची उघडणे वेगळे. संगणकाचा प्रोग्रॅम आपल्या कॉपीराइट कायद्यात साहित्यकृती म्हणून धरला जातो, त्यात मॅक्रोही आलाच.

याच कॉपीराइट कायद्याचे कलम १७ फार थोड्या जणांना माहीत असते. नोकरीचा भाग म्हणून तयार केलेल्या कृतीची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, मालक संस्थेची. सुट्टीच्या दिवशी घाम गाळून लिहिलेला तो पगारपत्रकाचा मॅक्रो तुमचा वाटतो, पण तुम्हाला दिलेले कामच करण्यासाठी तो लिहिला असेल तर तो संस्थेचा ठरतो, आणि मग त्याचा पासवर्डही संस्थेचाच. प्रत्यक्षात होते असे की तो फक्त एकाच माणसाच्या डोक्यात असतो, तो माणूस दुसरीकडे नोकरी धरतो, आणि पुढच्या अर्थसंकल्पात कर बदलला की कोणालाच दर बदलता येत नाहीत. मॅक्रो चोरीला जाण्यापेक्षा असा अडकून पडण्याचे प्रसंगच कार्यालयांत अधिक घडतात. तेव्हा कोड बंद करण्याआधी एडिटरमधून प्रत्येक मॉड्यूल ‘एक्सपोर्ट फाइल’ने बाहेर काढा, पासवर्ड नसलेली एक प्रत तारखेसह संस्थेच्या सर्व्हरवर ठेवा, आणि पासवर्ड कागदावर लिहून सहीशिक्क्यानिशी बंद पाकिटात व्यवस्थापकांच्या कपाटात द्या. पासवर्ड बदलाल त्या दिवशी पाकीटही बदला.